फिला कंपनीचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलाचं नाव काढलं की वयाप्रमाणे उत्तरं बदलतात. पन्नाशीपुढच्या टेनिसवेड्यांना ब्यॉन बोर्ग आठवतो. नव्वदच्या दशकात बास्केटबॉल बघणाऱ्यांना ग्रँट हिल आठवतो. आजच्या कॉलेजातल्या मुलामुलींना दातेरी, जाड सोलचा पांढरा बूट माहीत असतो. कंपनी अमेरिकन की कोरियन, यावर वाद घालणारेही भेटतात. ती सुरू झाली इटलीत, तीही कपड्याच्या गिरणीतून. इथे नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकत्र केले आहेत. माझा जीव या कंपनीच्या विणलेल्या कपड्यांत अधिक आहे, बुटांत कमी, आणि उत्तरांच्या लांबीवरून ते कळेलच.

फिला कधी आणि कुठे सुरू झाली?

१९११ मध्ये, उत्तर इटलीतल्या पिएमाँत प्रांतात. बिएल्ला शहराजवळच्या डोंगराळ खोऱ्यात कोज्जोला नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या फिला कुटुंबातल्या भावांनी हा कापडधंदा उभा केला. कंपनीचं नाव म्हणजे त्यांचं आडनाव. पुढे कारभार बिएल्लात आला आणि कंपनीची ओळख याच शहराशी जोडली गेली.

बिएल्लाच का? तिथे असं काय होतं?

लोकर. बिएल्ला आल्प्सच्या पायथ्याशी आहे आणि तिथे लोकरीचं काम कित्येक शतकांपासून चालत आलं आहे. विताले बार्बेरिस कानोनिको ही तिथली गिरणी आपला इतिहास १६६३ पासून सांगते. चेरुती गिरणी १८८१ ची, आणि त्रिवेरो गावातली झेन्या १९१० ची, म्हणजे फिलापेक्षा एकच वर्ष मोठी. महागड्या सुटांच्या आतल्या लेबलावर जी नावं असतात त्यांतली बरीच याच परिसरातली आहेत.

यामागे पाण्याचं मोठं कारण आहे. आल्प्सवरून उतरणाऱ्या तिथल्या ओढ्यांचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार फार कमी असतात. लोकर धुताना जड पाणी वापरलं तर साबण नीट फेसाळत नाही, धाग्यावर क्षारांचा थर बसतो आणि रंग एकसारखा चढत नाही. मऊ पाण्यात लोकर मऊच राहते आणि रंग खुलतो. शिवाय वाहत्या ओढ्यांवर यंत्रंही चालवता येत. त्यामुळे एकेका खोऱ्यात गिरण्या ओढ्याच्या काठाने उभ्या राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सूत, विण आणि रंग यांत मुरलेले कामगार तयार झाले. फिलाच्या पुढच्या सगळ्या यशाचं भांडवल म्हणजे हे कामगार, असं मी मानतो.

सुरुवातीपासून खेळाचे कपडे बनवत होते का?

नाही. पहिली साठ वर्षं सूत, विणलेले कपडे आणि अंतर्वस्त्रं हाच धंदा होता. गिऱ्हाईक म्हणजे आल्प्सच्या भागातली थंडीत राहणारी माणसं. खेळाशी कसलाच संबंध नव्हता.

मग टेनिसकडे कशी वळली?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीची सूत्रं एन्रिको फ्राशे यांच्याकडे होती. त्यांनी खेळाच्या कपड्यांत उतरायचं ठरवलं, आणि या कामाला तीन माणसं मिळाली. पिएरलुइजी रोलांदो डिझायनर. आलेस्सांद्रो गालियानो विणकामाच्या यंत्रांचे जाणकार अभियंते. आणि १९७३ च्या सुमाराला कंपनीचं चिन्ह काढून देणारे सर्जिओ प्रिविटेरा. लाल आणि निळ्या रंगातलं ते इंग्रजी ‘एफ’ अक्षर आजही जवळपास तसंच आहे.

ती वेळ फार मोक्याची होती. १९६८ पासून व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, बीबीसीने विम्बल्डन रंगीत दाखवायला सुरुवात केली होती. म्हणजे खेळाडू पहिल्यांदाच घराघरांत रंगांत दिसत होता आणि अंगावर मात्र पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. रोलांदोंनी ही रिकामी जागा हेरली. त्यांच्या टेनिसच्या कपड्यांच्या मालिकेचं नाव ‘व्हाइट लाइन’. पांढरा किंवा साईसारखा पिवळसर रंग हा पाया, आणि त्यावर गडद निळ्या नि लाल रंगाच्या कडा, कॉलर, पट्टे. आज हे अगदी साधं वाटतं. पण त्या वेळच्या कोर्टवर असा माणूस लांबूनसुद्धा ओळखू यायचा.

त्या टी-शर्टमध्ये रंगांपलीकडे वेगळं काय होतं?

विण. आणि याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

घरातला एखादा साधा सुती बनियन उलटा करून बघा. बऱ्याच बनियनांना बाजूला, काखेपासून कमरेपर्यंत, शिलाईच नसते. कारण ते कापड गोल यंत्रावर नळीसारखं विणलेलं असतं, अंगाच्या मापाचंच. गळा आणि बाह्या कापायच्या, शिवायच्या, काम झालं. उलट नेहमीच्या शर्टात सपाट कापडाचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे बाजूंनी जोडलेले असतात. तिथे कापड ताणलं जात नाही, घाम आल्यावर ती शिवण टोचते आणि हात वर नेला की सगळा शर्टच वर ओढला जातो.

फिलाकडे अंतर्वस्त्रं विणायचा दांडगा अनुभव होता. गालियानोंनी तेच तंत्र टेनिसच्या शर्टाला लावलं. सुती धागा, नळीसारखं विणलेलं कापड, आणि विण रिबची. रिब म्हणजे एक उभी ओळ उठावदार, एक दबलेली, जशी स्वेटरच्या मनगटाला असते. ही विण आडवी छान ताणली जाते आणि लगेच मूळ जागी येते. सर्व्हिस करताना हात पूर्ण वर ताणला तरी शर्ट अंगाबरोबर जातो आणि अंगाबरोबर परत येतो. त्या काळचे टेनिसचे शर्ट ढगळ असत. फिलाचा शर्ट अंगासरशी बसायचा आणि तरीही कुठे अडायचा नाही.

तेव्हाचे बोर्गचे फोटो नीट पाहिलेत तर हे दिसतं. गडद निळी कॉलर, अंगावर उभ्या बारीक रेषा, छातीवर छोटंसं चिन्ह. त्या उभ्या रेषा विणीच्या उभ्या ओळींबरोबर चालतात, म्हणून शर्ट ताणला गेला तरी वाकड्या दिसत नाहीत. ज्याने हे बसवलं त्याला कापड आतून कळत होतं.

विम्बल्डनला तर पांढरेच कपडे लागतात. मग हे चाललं कसं?

त्या वेळचा नियम ‘मुख्यतः पांढरे’ असा होता, तो १९६३ चा. निळी कॉलर आणि बारीक रेषा त्यात बसून जायच्या. १९९५ मध्ये नियम ‘जवळजवळ पूर्ण पांढरे’ असा झाला आणि २०१४ मध्ये आणखी कडक. आता रंगीत काठ एक सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. बोर्गने ज्या शर्टात विम्बल्डन जिंकलं, तो घालून आज कुणाला तिथे उतरू देणार नाहीत.

ब्यॉन बोर्ग आणि फिला, हे नेमकं काय होतं?

सुरुवातीला फिलाने इटलीतलेच खेळाडू धरले होते. आद्रियानो पनात्ता आणि पाओलो बेर्तोलुच्ची हे पहिल्या चेहऱ्यांपैकी. पनात्ता हा छोटा खेळाडू नव्हता. १९७६ या एकाच वर्षात त्याने रोमची स्पर्धा जिंकली, पॅरिसची जिंकली आणि इटलीला डेव्हिस कप मिळवून दिला. पॅरिसच्या मातीवर बोर्गला हरवणारा जगातला एकमेव खेळाडू तोच, आणि त्याने ते दोनदा केलं, १९७३ आणि १९७६ मध्ये.

तरीही जगभर नाव झालं ते बोर्गमुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा स्वीडनचा पोरगा फिलाशी जोडला गेला. १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षं त्याने विम्बल्डन जिंकलं, तिथे ओळीने ४१ सामने तो हरला नाही. लांब केस, कपाळावर पट्टी, चेहऱ्यावर रेषा हलत नाही, आणि अंगावर तो रेषारेषांचा शर्ट. टेनिसमधल्या खेळाडूला चाहत्यांनी गराडा घालण्याची जी लाट आली, त्यात कपड्यांचा वाटा मोठा होता. आपल्याकडच्या जुन्या लोकांना १९७९ ची आणखी एक आठवण असते: त्या विम्बल्डनला विजय अमृतराज त्याच्याविरुद्ध दोन सेट जिंकून पुढे होता आणि सामना पाचव्या सेटमध्ये निसटला.

५ जुलै १९८० चा अंतिम सामना तर अजूनही लोक काढून बघतात. बोर्ग विरुद्ध जॉन मॅकेन्रो. चौथ्या सेटचा टायब्रेक मॅकेन्रोने १८-१६ असा घेतला आणि पाचवा सेट बोर्गने ८-६. मॅकेन्रोच्या अंगावर सर्जिओ ताकिनीचे कपडे होते. ताकिनी स्वतः इटलीचा टेनिसपटू, त्याने १९६६ मध्ये कंपनी काढली ती पिएमाँतमध्येच, नोवाराजवळ. म्हणजे टेनिसच्या त्या सर्वांत गाजलेल्या सामन्यात नेटच्या दोन्ही बाजूंना पिएमाँत प्रांताचं कापड होतं. इटलीच्या कापडधंद्याला याहून मोठी जाहिरात मिळाली नसेल.

बोर्गने १९८३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली.

बोर्गच्या पायात फिलाचेच बूट होते ना?

नव्हते, आणि या प्रश्नावर बहुतेक जण चुकतात. त्याच्या पायात डियाडोराचे बूट असायचे. डियाडोरा ही वेगळी इटालियन कंपनी. मार्चेल्लो दानिएली यांनी ती १९४८ मध्ये व्हेनेतो प्रांतातल्या काएरानो दी सान मार्को गावात काढली. मोंतेबेल्लुना शहराभोवतीचा तो सगळा पट्टा डोंगरी बूट बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. लोट्टो कंपनीही तिथलीच.

उत्तर इटलीत ही कामं अशी प्रांताप्रांतांत वाटलेली होती. पिएमाँत कापडाचा, व्हेनेतो चामड्याचा आणि बुटांचा. फिला पिएमाँतची, म्हणून बोर्गच्या काळात तिची खरी ताकद अंगावरच्या कपड्यांत होती, बुटांत नव्हे. फिलाला ‘बुटांची कंपनी’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं तर पुढची सगळी उलथापालथ समजायला सोपी जाते.

टेनिसशिवाय आणखी कुठल्या खेळांत होती?

बर्फावरच्या आणि डोंगरावरच्या कपड्यांसाठी ‘व्हाइट रॉक’ आणि पोहण्यासाठी ‘अ‍ॅक्वा टाइम’ अशा मालिका निघाल्या. डोंगराकडे वळणं स्वाभाविक होतं, आल्प्स दारातच.

यात राइनहोल्ड मेस्नरचं नाव आदराने घ्यावं लागतं. उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोल भागातला हा गिर्यारोहक. २० ऑगस्ट १९८० रोजी तो तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचला, एकटा, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय आणि ऐन पावसाळ्यात. त्या काळातल्या त्याच्या मोहिमांच्या कपड्यांवर फिलाचं चिन्ह आहे. एकट्या माणसाला इतक्या उंचीवर पाठीवर घ्यायचं प्रत्येक ग्रॅम मोजावं लागतं, आणि कपडा चुकला तर दुसरा मागायला जवळ कुणी नसतं. त्याच वर्षी जुलैमध्ये विम्बल्डन आणि ऑगस्टमध्ये एव्हरेस्ट: कंपनीच्या इतिहासात मला १९८० इतकं भरलेलं वर्ष दुसरं दिसत नाही.

नव्वदच्या दशकात लांब पल्ल्याच्या धावण्यातही फिलाने चांगलं काम केलं. ब्रेश्याचे डॉक्टर गाब्रिएले रोझा यांनी केनियात धावपटूंसाठी सराव शिबिरं उभी केली, त्या ‘डिस्कव्हरी केनिया’ उपक्रमामागे फिला होती. मोझेस तानुईने १९९६ ची आणि १९९८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकली तो याच गटातला. १९९६ ची ती शंभरावी बोस्टन मॅरेथॉन होती.

महिला टेनिसमध्ये फिलाचं स्थान काय?

पहिलं नाव इव्होन गुलागाँगचं. ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजातली ही खेळाडू १९७१ मध्ये आणि आई झाल्यावर पुन्हा १९८० मध्ये विम्बल्डन जिंकली. सत्तरच्या दशकात ती फिलाचे कपडे घालत असे. किम क्लायस्टर्सनेही बाळंतपणानंतर पुनरागमन करून २००९ ची अमेरिकन ओपन फिलाच्या कपड्यांत जिंकली.

मला सर्वांत भावलेली गोष्ट २०२१ ची. अ‍ॅश बार्टी, तीही मूळनिवासी वारशाची, विम्बल्डनला फिलाने खास बनवलेल्या पोशाखात उतरली. त्याचा घेर खालून फुलांच्या पाकळ्यांसारखा कातरलेला होता, गुलागाँगच्या १९७१ च्या पोशाखासारखा, आणि त्या विजयाला तेव्हा पन्नास वर्षं होत होती. बार्टीने आधी गुलागाँगला विचारून घेतलं होतं. आणि ती स्पर्धा जिंकली.

बूट कधीपासून आणि एवढे गाजले कसे?

ऐंशीच्या दशकात, आणि तेही अमेरिकेमुळे. अमेरिकेत बुटांसाठी नावाचा परवाना दिला गेला, बूट बनायचे दक्षिण कोरियात. तेव्हा बुसानच्या आसपासचे कारखाने जगभरच्या कंपन्यांसाठी स्पोर्ट्स शूज बनवत. ही सगळी जुळवाजुळव करणाऱ्यांत युन युन-सू नावाचे एक कोरियन व्यापारी होते, इंग्रजी जगात जीन युन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे तेच नायक आहेत.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या वस्त्यांत तरुण मुलं फिलाचे ट्रॅकसूट मिरवू लागली होती. तिकडे इंग्लंडात लिव्हरपूलसारख्या शहरांतले फुटबॉलचे चाहते युरोपभर संघामागे फिरताना फिला, एलेस्से आणि ताकिनीची जॅकेटं घेऊन परतायचे. टेनिस क्लबातल्या श्रीमंतांसाठी बनवलेला कपडा कामगार वस्त्यांनी आपलासा केला. कंपनीने हे ठरवून केलेलं नव्हतं, पण फायदा पुरेपूर झाला.

बुटांचा मोठा टप्पा १९९५ चा. ग्रँट हिल हा ड्यूक विद्यापीठातून आलेला खेळाडू डेट्रॉइट पिस्टन्सकडून खेळत होता आणि जेसन किडबरोबर विभागून वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला होता. मायकेल जॉर्डननंतर कोण, या प्रश्नाला तेव्हा लोक त्याचं नाव घ्यायचे. त्याच्या नावाचा फिलाचा बूट आला आणि तुफान खपला. पाठोपाठ जेरी स्टॅकहाउसच्या नावाचा बूट आला. १९९६-९७ च्या सुमाराला अमेरिकेच्या स्पोर्ट्स शूजच्या बाजारात नायकी आणि रिबॉक यांच्यामागे फिला तिसऱ्या जागी होती. हिलशी १९९७ मध्ये झालेला नवा करार सात वर्षांचा आणि सुमारे ८ कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

एवढं सगळं असून कंपनी कोसळली कशी?

दोन-तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या. १९९७-९८ मध्ये अमेरिकेतल्या तरुणांनी स्पोर्ट्स शूज बाजूला ठेवून तपकिरी चामड्याचे बूट घालायला सुरुवात केली. सगळ्याच कंपन्यांना फटका बसला, पण नायकी तो सोसू शकली. फिलाची अमेरिकेतली कमाई मुख्यतः बुटांवर आणि त्यातही मोजक्या नावांवर उभी होती. गोदामात माल पडून राहिला, तो सवलतीत विकला गेला, आणि ज्या दुकानांत भाव पडतो तिथे नावही पडतं. पुढे २००० मध्ये हिलचा घोटा मोडला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याच्या कारकिर्दीची ऐन बहराची वर्षं गेली. त्या माणसाचा यात काडीचा दोष नव्हता. एका घोट्यावर एवढा मोठा व्यवसाय उभा करणं हा कंपनीचा निर्णय होता.

माझं स्वतःचं मत असं की खरी चूक त्याही आधीची. ज्या कंपनीला विण कळत होती तिने ती बाजू मागे पडू दिली आणि ज्या वस्तूचं ज्ञान दुसऱ्यांकडे होतं तिच्या मागे ती धावली.

मालकी कुणाकुणाकडे गेली?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून मालकी जेमिना या इटालियन गुंतवणूक कंपनीकडे होती, फिॲटवाल्या आन्येल्ली घराण्याच्या वर्तुळातली ही कंपनी. १९९३ मध्ये फिलाचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. १९९७ मध्ये मालकी एचडीपी या समूहाकडे गेली. ‘कोरिएरे देल्ला सेरा’ हे मिलानचं वृत्तपत्र याच समूहाचं, आणि काही वर्षं व्हॅलेंटिनो हे फॅशनघरही. वर्तमानपत्र, उंची फॅशन आणि बास्केटबॉलचे बूट एका छताखाली सुखाने नांदणं कठीणच होतं. २००३ मध्ये एचडीपीने फिला अमेरिकेच्या सर्बेरस या गुंतवणूक फंडाच्या कंपनीला विकून टाकली.

मग ती कोरियन कशी झाली?

जीन युन १९९१ पासून फिला कोरियाचे प्रमुख होते. इटलीत आणि अमेरिकेत पडझड चालू असताना कोरियातली शाखा मात्र उत्तम चालली होती. २००५ च्या सुमाराला युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ही शाखाच विकत घेतली. आणि २००७ मध्ये त्यांनी जगभरच्या फिलाचं नाव आणि हक्क सर्बेरसकडून घेतले. शाखेने मूळ कंपनी घेतली! पैशासाठी त्यांनी एक हुशारीचा मार्ग वापरला. निरनिराळ्या देशांतल्या परवानाधारकांना पुढच्या वर्षांचे हक्क देऊन त्यांच्याकडून रक्कम आगाऊ घेतली आणि कर्जाचा भार हलका केला.

२०१० मध्ये फिला कोरियाची सेऊलच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. २०११ मध्ये मिराए असेट या कोरियन गुंतवणूक कंपनीच्या साथीने तिने अ‍ॅकुशनेट ही अमेरिकन कंपनी १२२.५ कोटी डॉलरला घेतली. गोल्फ खेळणाऱ्यांना टायटलिस्टचे चेंडू आणि फूटजॉयचे बूट माहीत असतील, ते अ‍ॅकुशनेटचे. आज या समूहाच्या उत्पन्नात गोल्फचा वाटा फार मोठा आहे.

चीनमधली फिला वेगळी कंपनी आहे का?

नाव तेच, चालवणारे वेगळे. चीनमधला व्यवसाय २००९ मध्ये अँटा या चिनी कंपनीने बेल्ले समूहाकडून घेतला. तेव्हा तो तोट्यात होता. अँटाने त्याला महागड्या, शहरी पोशाखाचं रूप दिलं आणि दहा वर्षांत दुकानांची संख्या दोन हजारांच्या घरात नेली. जगात फिलाची सर्वांत ठसठशीत दुकानं आज चीनमध्ये दिसतात.

तो दातेरी सोलचा जाड पांढरा बूट कधीचा?

डिसरप्टर. मूळचा १९९६ चा. त्याची दुसरी आवृत्ती जाड, ओबडधोबड बुटांची फॅशन आली तेव्हा परत उसळली आणि ‘फुटवेअर न्यूज’ या व्यापारी नियतकालिकाने २०१८ चा सर्वोत्तम बूट म्हणून तिचा गौरव केला. त्याच वर्षी फेंडी या इटालियन फॅशनघराने आपलं नाव फिलाच्या अक्षरांच्या धाटणीत छापलेले कपडे काढले, आणि फिलाने मिलानच्या फॅशन सप्ताहात स्वतःचा शो केला. डिसरप्टर माझ्या आवडीचा नाही, जड आहे. पण त्याने एका पिढीला फिलाचं नाव पुन्हा दिलं, हे मान्य करायला हवं.

आता फिलाला इटालियन म्हणायचं का?

कागदोपत्री नाही. मालकी कोरियात, माल आशियातल्या अनेक देशांत बनतो. पण ज्यावरून आपण फिला ओळखतो ती सगळी निशाणी, म्हणजे चिन्ह, निळा-लाल-पांढरा मेळ, रेषांचा शर्ट, सत्तरच्या दशकात बिएल्लात ठरली. कोरियन मालकांनी ती जपली, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. बिएल्लात फिलाचं संग्रहालय आहे. तिथे जुने कपडे, रेखाटनं आणि कागदपत्रं ठेवली आहेत. कापडाची आवड असलेल्या कुणीही मिलानला गेल्यावर एक दिवस काढून तिथे जावं.

भारतात फिला कोण चालवतं?

अनेक वर्षं मुंबईची क्रॅव्हॅटेक्स ही कंपनी भारतातला परवाना सांभाळत होती. प्रोलाइन हे नावही तिचंच. डिसेंबर २०२२ मध्ये क्रॅव्हॅटेक्स ब्रँड्स ही कंपनी, आणि तिच्याबरोबर फिलाचा परवाना, मेट्रो ब्रँड्सने घेतला. मेट्रो म्हणजे मुंबईकरांच्या ओळखीचं मेट्रो शूज. पहिलं दुकान १९५५ मध्ये मलिक तेजानी यांनी मुंबईत काढलं. मेट्रोने आधी जुना साठा काढून टाकण्यात वेळ घालवला आणि मग नव्याने मांडणी सुरू केली. भारतात फिला सवलतीतला ब्रँड अशी झालेली समजूत पुसायची असेल तर दुसरा मार्ग नव्हता.

पेन्सिली बनवणारी फिला हीच का?

नाही. ती फ्लॉरेन्समध्ये १९२० मध्ये सुरू झालेली, पेन्सिली आणि रंगांची वेगळी इटालियन कंपनी. तिचं नाव चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय. महाराष्ट्राशी तिचा संबंध जवळचा आहे. आपल्या सीमेलगत, गुजरातेतल्या उंबरगावला कारखाना असलेल्या डोम्समध्ये तिने २०१२ मध्ये हिस्सा घेतला आणि २०१५ मध्ये बहुमत. मुलांच्या कंपासपेटीतल्या डोम्सच्या पेन्सिलीमागे जी फिला आहे ती ही.

आणि कुस्तीच्या बातम्यांत यायची ती?

तीही वेगळी. जागतिक कुस्ती महासंघाच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं जुळून ‘फिला’ व्हायची. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुस्तीशौकिनांनी ते नाव कित्येक वर्षं वाचलेलं आहे, आणि महासंघाने खेळाचे कपडे काढले की काय असा घोळ व्हायचा. २०१४ मध्ये महासंघाने नाव बदलून युनायटेड वर्ल्ड रेसलिंग केलं. त्यामुळे २०१४ नंतरच्या खेळाच्या बातमीत फिला दिसली तर ती बिएल्लावालीच समजा.